रामलिंगच्या वनातील साहसफेरी : एका दिवसाचे नियोजन आणि त्याची जबाबदारी

धाराशिव जिल्ह्याचे नाव काढताच तुळजापूरची भवानी, नळदुर्गचा किल्ला आणि पुन्हा पुन्हा पडणारा दुष्काळ यांचे स्मरण होते. अरण्याचे स्मरण सहसा होत नाही. त्यास कारणही आहे. सुमारे ७,५६९ चौरस किलोमीटर क्षेत्राच्या या जिल्ह्यात वनाच्छादन एक टक्काही नाही. बालाघाटच्या डोंगररांगांनी जिल्ह्याला उंची दिली, परंतु पर्जन्यछायेतील हवामान आणि मुरमाड, उथळ जमीन यांमुळे येथे घनदाट अरण्य कधी फोफावले नाही. जे थोडे वन उरले, त्यातील सर्वांत परिचित भाग म्हणजे येडशीजवळचा रामलिंग घाट. १९९७ मध्ये हा परिसर वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र २२.३७ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे जिल्ह्याच्या क्षेत्राशी तुलना केली असता हजारी तीन भाग.

अलीकडच्या काळात प्रवासी आणि शालेय सहली यांना नुसते देवदर्शन पुरेसे वाटत नाही. तारेवरून दरी ओलांडणे, सायकलीवरून डोंगर उतरणे, उघड्या जीपमधून वन पाहणे, दोराच्या साहाय्याने कडा चढणे अशा साहसफेऱ्यांची मागणी सर्वत्र वाढत आहे. तुळजापूरला वर्षभर येणारा भाविकांचा ओघ लक्षात घेता ही मागणी येडशीपर्यंत येणे स्वाभाविकच आहे. कारण येडशी हे गाव सोलापूरहून धाराशिवमार्गे बीडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, जिल्ह्याच्या ठिकाणापासून सुमारे वीस किलोमीटरवर वसले आहे. दर्शन घेऊन त्याच दिवशी परतणारा भाविक आणखी एक दिवस जिल्ह्यात राहिला, तर त्याचा लाभ भाकरी थापणाऱ्या भगिनीपासून खवा विकणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचतो. दुष्काळी भागात हा लाभ क्षुल्लक नव्हे. तथापि हा दिवस कोठे, कशा प्रकारे आणि कोणाच्या जबाबदारीवर घडवून आणावयाचा, याचा निर्णय ज्यांच्यासमोर येतो त्या सरपंच, मुख्याध्यापक आणि तालुका पातळीवरील अधिकारी यांना या विषयाची पुरेशी माहिती असणे आवश्यक आहे.

घाट, मंदिर आणि छोटी आगगाडी

रामलिंगचे शिवमंदिर घाटाच्या कुशीत, खोलगट जागी आहे. सीताहरणाच्या वेळी जटायूने रावणाला येथेच अडविले, अशी लोकश्रद्धा असून जटायूची समाधी म्हणून दाखविली जाणारी जागाही या परिसरात आहे. श्रावणात येथे भाविकांची मोठी गर्दी होते. त्याच सुमारास ओढा वाहू लागतो, धबधबा कोसळतो आणि एरव्ही करड्या दिसणाऱ्या टेकड्या हिरव्या होतात. हे शुष्क पानझडी वन होय. मार्च-एप्रिलमध्ये त्याची पाने गळून जातात आणि जमिनीवर वाळक्या पानांचा थर साचतो. मोर, माकडे, ससे, कोल्हे, लांडगे आणि नाना जातींचे पक्षी यांचा हा आश्रय आहे.

वनातून प्रवास करण्याचा आनंद या भागाला नवा नाही. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फूट रुंदीची छोटी गाडी अनेक पिढ्या याच घाटातून जात असे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेल्या या लोहमार्गाचा कुर्डुवाडीजवळचा बार्शी रोड ते बार्शी हा पहिला भाग १८९७ मध्ये सुरू झाला. पुढे तो वाढत १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचला. बार्शी त्या वेळी इंग्रजी मुलखात, तर येडशी निजामाच्या राज्यात. तेव्हा ही गाडी बालाघाटचा चढ चढता चढता एका राज्यातून दुसऱ्या राज्यात प्रवेश करीत असे. १९५४ मध्ये हा मार्ग सरकारच्या ताब्यात आला. २००७ आणि २००८ या वर्षांत टप्प्याटप्प्याने त्याचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर पूर्ण झाले आणि नवा मार्ग धाराशिव शहरावरून वळविण्यात आला. त्यामुळे जिल्ह्याचे ठिकाण रेल्वेच्या नकाशावर आले, ही मोठीच सोय झाली. मात्र घाटातून रमतगमत जाणारी गाडी इतिहासजमा झाली.

या इतिहासाचा आजच्या विषयाशी संबंध आहे. लोहमार्ग बांधताना चढ फार तीव्र ठेवता येत नाही. म्हणून डोंगराला वळसे घालीत सौम्य उताराची वाट कोरावी लागते. रूळ निघून गेले तरी ती वाट पुष्कळदा टिकून राहते आणि पायी चालणाऱ्यास व सायकलस्वारास तिच्यासारखी उत्तम वाट दुसरी नाही. अमेरिकेत १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून बंद पडलेल्या लोहमार्गांच्या पट्ट्या पायवाटा व सायकलमार्ग म्हणून राखून ठेवण्याची तरतूद करण्यात आली. येडशी परिसरातील जुन्या मार्गाचा असा उपयोग होऊ शकेल काय, याचा विचार करण्यासारखा आहे. त्यासाठी त्या पट्टीच्या कोणत्या भागाची मालकी रेल्वेकडे, कोणत्या भागाची वन विभागाकडे आणि कोणत्या भागाची अन्य कोणाकडे आहे, याच्या नोंदी प्रथम तपासाव्या लागतील. नवीन रस्ता न कोरता, एकही झाड न तोडता प्रवाशाला वनाच्या कडेने नेणारी वाट आयती उपलब्ध असेल, तर तिच्याकडे दुर्लक्ष करणे योग्य होणार नाही.

वन केवढे आणि वाहन किती

साहसफेरीचा विचार करताना पहिला प्रश्न जागेच्या आकाराचा असतो. २२.३७ चौरस किलोमीटर हा भूभाग चौकोनी आहे असे मानले, तर त्याची एक बाजू पावणेपाच किलोमीटरच्या आसपास भरते. बेताने चालणारा मनुष्य तासाभरात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाईल; ताशी वीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्या जीपला तेवढे अंतर कापण्यास पंधरा मिनिटेही लागणार नाहीत. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे याच्या सहापटीहून मोठे. मोठ्या व्याघ्र प्रकल्पांत शोभणारी जीपची फेरी रामलिंगच्या वनात आणली, तर पंधरा-वीस वाहनांची रांग एकामागून एक त्याच त्या वाटेवर फिरताना दिसेल आणि वन्य प्राण्यांना त्या आवाजापासून दूर जाण्यास जागाच उरणार नाही. चार चाकांच्या मोटारसायकलींची फेरी तर मुरमाड उतारावर पहिल्या पावसात ओघळ पाडण्याचे साधन ठरेल. तेव्हा इंजिनावर चालणारी फेरी या वनासाठी नव्हे, असे स्पष्ट म्हणावे लागते. चालणे, पक्षी पाहणे, पायी वाट काढीत टेकडी चढणे आणि कडेच्या वाटेने सायकल चालविणे एवढे साहस या वनाला सोसवते. शहरातील मुलाला दोन तास उन्हात, माकडांच्या सान्निध्यात, पाठीवर पाण्याची बाटली घेऊन चालणे हेच मोठे साहस वाटते, हे शिक्षकांस सांगण्याची गरज नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाची चौकटही ध्यानात घेतली पाहिजे. अभयारण्यात प्रवेश करण्याची अनुज्ञा ज्या प्रयोजनांसाठी देता येते, त्यांत संशोधन व छायाचित्रण यांबरोबर पर्यटनाचाही समावेश आहे. म्हणजे पर्यटनास कायद्याचा विरोध नाही. परंतु अभयारण्यात वन्य प्राण्यास छेडणे, कचरा टाकणे, आग लावणे, झाडाझुडपांची व वन्यजीवांच्या आश्रयस्थानाची हानी करणे यांस मनाई आहे. राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या पूर्वमान्यतेशिवाय अभयारण्यात व्यापारी स्वरूपाची पर्यटक निवासस्थाने, उपाहारगृहे किंवा सफारी उद्याने उभारता येत नाहीत. २०२३ मध्ये वनसंवर्धन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने निसर्ग पर्यटनाच्या काही सुविधांना वाट मोकळी केली. मात्र त्या सुविधा मंजूर कार्य आराखड्यात किंवा वन्यजीव व्यवस्थापन आराखड्यात समाविष्ट असाव्या लागतात. ‘ग्रामपंचायतीचा ठराव झाला, आता काम सुरू करू’ अशी समजूत काही ठिकाणी आढळते. अभयारण्याच्या हद्दीत त्या ठरावाचे स्थान शिफारशीचे आहे, परवानगीचे नाही.

दोराचे गणित

प्रवाशांचे सर्वाधिक आकर्षण तारेवरून घसरण्याच्या फेरीचे, म्हणजे झिपलाइनचे असते. उंच ठिकाणी व सखल ठिकाणी दोन आधार, त्यांच्यामध्ये पोलादी दोर, दोरावर कप्पी आणि कप्पीला पट्ट्यांनी बांधलेला मनुष्य, इतकी साधी ही रचना दिसते. साधी दिसते म्हणूनच ती उभारण्याचा मोह कोणालाही होतो. विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांनी पुढील दोन उदाहरणे वर्गात सोडवून घेतली, तर सहलीपूर्वीच मुलांची आणि पालकांचीही समजूत वाढेल.

पहिले उदाहरण वेगाचे. दोराचे वरचे टोक खालच्या टोकापेक्षा दहा मीटर उंच आहे असे धरू. घर्षण व हवेचा विरोध मुळीच नसता, तर खाली पोहोचणाऱ्या माणसाचा वेग सेकंदाला चौदा मीटर, म्हणजे ताशी सुमारे पन्नास किलोमीटर झाला असता. प्रत्यक्षात घर्षणामुळे आणि दोराला पडणाऱ्या झोळामुळे तो पुष्कळ कमी होतो. पण किती कमी होईल हे माणसाच्या वजनावर, वाऱ्याच्या दिशेवर आणि कप्पीच्या स्थितीवर अवलंबून असते. धिप्पाड मनुष्य वेगाने येऊन खालच्या आधारावर आदळू शकतो, तर हलके मूल समोरच्या वाऱ्यामुळे मध्येच थांबून दरीवर लोंबकळत राहू शकते. म्हणून गती रोखण्याची एक व्यवस्था पुरत नाही; पहिली निकामी झाली तर आपोआप काम करील अशी दुसरी असावी लागते, आणि मध्येच अडकलेल्या मुलाला परत आणण्याचे साधन व ते वापरणारा प्रशिक्षित मनुष्य जागेवर हजर असावा लागतो.

दुसरे उदाहरण ताणाचे आहे आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. दोन आधारांमधील अंतर २०० मीटर, मध्यभागी झोळ ५ मीटर आणि माणसाचे वजन ८० किलो मानले, तर मनुष्य मध्यभागी असताना दोराला बसणारा ताण सुमारे ८०० किलोंचा, म्हणजे त्याच्या वजनाच्या दहापट भरतो. दोराचे स्वतःचे वजन यात धरलेले नाही. दोर आणखी ताठ ओढून झोळ अडीच मीटरवर आणला तर हाच ताण दुप्पट होतो. दोर जितका ताठ तितका तो मजबूत, ही सामान्य समजूत येथे नेमकी उलटी ठरते. हा सर्व ताण शेवटी दोन्ही टोकांच्या आधारांवर येतो. बालाघाटच्या डोंगरावर वीत-दोन वीत मातीखाली मुरूम व काळा पाषाण लागतो. झाडांची मुळे खोल जाण्याऐवजी पसरतात. अशा झाडाला दोर बांधणे म्हणजे झाड आणि मनुष्य या दोघांनाही धोक्यात घालणे होय. दोर काचून खोडाची साल सभोवार कापली गेली, तर झाड उभ्या उभ्या वाळते. अभियंत्याने तपासलेले, पाषाणात किंवा काँक्रीटमध्ये रोवलेले आधार हवेत आणि असे बांधकाम अभयारण्याबाहेरच असावे, हा निष्कर्ष या गणितातूनच निघतो.

अभयारण्याबाहेर, परंतु कोणाच्या जमिनीवर? गावाचे गायरान मोकळे दिसते म्हणून बहुधा तेच सुचविले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंह प्रकरणात सार्वजनिक जमिनींवरील खाजगी ताब्याविरुद्ध दिलेल्या निर्णयानंतर महाराष्ट्र शासनानेही गायरानाच्या वापरावर कडक निर्बंध घातले आहेत. खाजगी ठेकेदाराच्या करमणूक केंद्रासाठी गायरान देण्याचा विचार पंचायतीने मनात आणू नये. गायरान ही जनावरांची चरण्याची जागा आहे आणि उस्मानाबादी शेळीचे नाव देशभर करणाऱ्या या जिल्ह्यात तिचे मोल वेगळे सांगावयास नको. त्यापेक्षा वनाच्या आसपासच्या शेतकऱ्यांची माळरानाची खातेजमीन अधिक उपयुक्त ठरेल. शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. त्याखाली नोंदणी करून शेतकरी प्रवाशांच्या भोजनाची व विश्रांतीची सोय करू शकतो आणि साहसफेरीचे केंद्र त्याच्या जोडीने उभे राहू शकते.

नोंदणी कशासाठी

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण स्वीकारले. जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही क्षेत्रांतील साहसी उपक्रम चालविणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे त्यानुसार आवश्यक झाले. प्रशिक्षित मनुष्यबळ, योग्य दर्जाची साधने, विमा आणि बचावाची तयारी या गोष्टी त्या नोंदणीशी जोडलेल्या आहेत. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या सहकार्याने २०१८ मध्ये तयार झालेल्या मार्गदर्शक सूचनांत सायकलफेरी, निसर्गभ्रमण, जीपची फेरी, झिपलाइन अशा प्रत्येक प्रकारासाठी वेगवेगळ्या अपेक्षा नमूद आहेत.

नोंदणीचा आग्रह म्हणजे कागदी सोपस्कार, अशी कुरकुर काही वेळा ऐकू येते. अशी व्यवस्था कोणत्या अनुभवातून जन्मास येते, हे पाहण्यासाठी इंग्लंडमधील एक घटना अभ्यासण्यासारखी आहे. २२ मार्च १९९३ रोजी प्लिमथ येथील एका शाळेचे आठ विद्यार्थी, एक शिक्षक आणि साहस केंद्राचे दोन प्रशिक्षक लाइम उपसागरात छोट्या नावांतून निघाले. प्रवास थोडक्या वेळाचा होता. दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत ते परतावयाचे होते. शिक्षकाची नाव उलटली. एक प्रशिक्षक त्यांच्या मदतीसाठी थांबला आणि मुले दुसऱ्या प्रशिक्षकासह वाऱ्याबरोबर समुद्रात दूर वाहत गेली. परतण्याची वेळ टळून गेल्यावरही तटरक्षकांना सूचना मिळण्यास तीन तासांहून अधिक वेळ लागला. चार विद्यार्थी दगावले. त्या केंद्रात पूर्वी काम केलेल्या प्रशिक्षकांनी सुरक्षेतील उणिवांविषयी चालकाला आधीच लेखी इशारा दिला होता, हे चौकशीत उघड झाले आणि चालकास कारावासाची शिक्षा झाली. १९९५ मध्ये ब्रिटिश संसदेने अठरा वर्षांखालील मुलांसाठी साहसी उपक्रम चालविणाऱ्या केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा संमत केला.

या घटनेत समुद्र शांत राहिला असता तर कदाचित काहीच घडले नसते आणि ते केंद्र तसेच चालू राहिले असते. सदोष व्यवस्था दररोज अपघात घडवीत नाही, म्हणूनच ती निर्दोष भासते. येडशीला समुद्र नाही. परंतु पावसाळ्यातील ओढा आहे. लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागील धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. तेथेही काही क्षणांपूर्वी पाणी उथळ होते. डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस खाली उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. पाणी एकाएकी गढूळ होणे, त्यात काटक्या व पाचोळा वाहून येणे ही लोंढ्याची पूर्वसूचना असते. पावसाळ्यात ओढ्याच्या पात्रात कोणताही उपक्रम न घेणे हाच येथे सुरक्षित नियम होय.

आग्या मोहोळाचा धोका याहून दुर्लक्षित आहे. कड्याकपाऱ्यांत आणि उंच झाडांवर मोहोळे असतात. धूर, उग्र अत्तर, दगडफेक यांनी माश्या उठतात आणि दोरावर अडकलेल्या माणसाला पळताही येत नाही. किल्ल्यांवर व लेण्यांत अशा घटना अनेकदा घडल्या आहेत. दोराची फेरी सुरू करण्यापूर्वी त्या दिवशीच्या मोहोळांची पाहणी करणे हे साधने तपासण्याइतकेच आवश्यक आहे.

वाघाची पायपीट

या लहानशा वनाकडे साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष वेधणारी घटना डिसेंबर २०२४ मध्ये घडली. अभयारण्यातील स्वयंचलित कॅमेऱ्यात एक तरुण नर वाघ टिपला गेला. अंगावरील पट्ट्यांच्या रचनेवरून तो टिपेश्वर अभयारण्यातील असल्याचे निष्पन्न झाले. सुमारे पाचशे किलोमीटर अंतर, शेते, रस्ते, नद्या आणि गावे ओलांडून तो येथवर आला होता. याच टिपेश्वरमधून निघालेला आणखी एक वाघ २०१९ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता. त्याच्या गळ्यातील रेडिओ पट्ट्यामुळे त्याचा प्रवास तपशीलवार नोंदला गेला. मोठ्या वनात जागेची टंचाई झाली की तरुण नर नवे क्षेत्र शोधण्यास बाहेर पडतात, हा निसर्गक्रम आहे.

येडशीच्या वाघाने धाराशिव आणि शेजारच्या बार्शी तालुक्यांतील गावांत जनावरे मारली. २०२५ च्या आरंभी त्याला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात नेण्याची मोहीम वन विभागाने हाती घेतली. पण पथकांनी अनेक आठवडे प्रयत्न करूनही तो सहजी हाती लागला नाही. शेतकऱ्यांनी रात्री पाणी देण्यास जाणे टाळले, पालक चिंतेत पडले. याच काळात ‘वाघ दाखवितो’ असे सांगून प्रवाशांना आकर्षित करण्याचा विचार कोणाच्या मनात आला असेल, तर तो सर्वस्वी अनुचित होता असेच म्हटले पाहिजे. बावीस चौरस किलोमीटरचे वन एका नर वाघाला अपुरे आहे. तो आजूबाजूच्या शिवारात जाणारच. माणसांच्या गर्दीने त्याला वनातून हुसकावणे म्हणजे त्याला गावाकडे ढकलणे होय. मोठ्या हिंस्र प्राण्याचा वावर आढळला की साहसफेऱ्या त्वरित थांबविण्याचा अधिकार वन विभागाकडे आहे हे केंद्रचालकाने आधीच लेखी मान्य केलेले असावे, आणि आगाऊ घेतलेले पैसे परत देण्याची अटही त्याच कागदात असावी. पैसे परत द्यावयाचे नसले की फेरी चालू ठेवण्याचा मोह होत नाही, असा समज कोणी करून घेऊ नये. मोह नेमका तेव्हाच सर्वांत मोठा असतो.

दिवसाची आखणी

अशा दिवसासाठी पावसाळा ओसरल्यानंतरचे ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत योग्य. मार्चनंतर वाळक्या पानांमुळे वणव्याचे भय असते आणि दुपारचे ऊन मुलांना सोसत नाही. सकाळी उजाडल्यानंतर वन विभागाच्या अनुज्ञेने, स्थानिक वाटाड्यासह लहान गटांत वनभ्रमण व्हावे. एका वाटाड्यामागे मुले किती असावीत हे वाटेवर अवलंबून राहील. सर्वांत पुढच्या मुलाला सर्वांत मागच्याची हाक ऐकू आली पाहिजे, ही जुनी कसोटी आजही उपयोगी पडते. माकडांना खाऊ घालण्याची सवय रामलिंगसारख्या देवस्थानी सर्रास दिसते. तिच्यामुळे माकडे माणसांच्या पिशव्यांवर झडप घालू लागतात आणि चावतातही. म्हणून खाऊ वनात न्यावयाचाच नाही असे ठरविणे बरे. उन्हे चढू लागताच वनाबाहेर येऊन कडेच्या वाटेने सायकलफेरी घ्यावी. दुपारचे जेवण गावात, बचत गटाच्या भगिनींकडून मिळावे : ज्वारीची भाकरी, पिठले, शेंगदाण्याची चटणी आणि भूम-वाशीकडील खव्याचा पेढा. दोराची फेरी नोंदणीकृत केंद्र असेल तेथेच, जेवणानंतर तास-दीड तासाने व वारा पडलेला असताना घेणे इष्ट. सूर्यास्तापूर्वी सर्व मुले वाहनात बसलेली असावीत.

सहल नेणाऱ्या मुख्याध्यापकांनी केंद्रचालकास विचारावयाचे प्रश्न थोडे आहेत, परंतु त्यांची उत्तरे तोंडी घेऊ नयेत. पर्यटन संचालनालयाचे प्रमाणपत्र कोणत्या उपक्रमासाठी आहे? सायकलफेरीसाठी नोंदणी केलेल्या केंद्राने दोराची फेरी चालविणे ही नोंदणी नसल्याचीच अवस्था समजावी. दोर व पट्टे यांच्या तपासणीची वही कोठे आहे आणि तिच्यात आजची नोंद आहे काय? एखाद्या मुलाची छाती, दमा किंवा फेफरे यांविषयीची माहिती प्रशिक्षकाला मिळाली आहे काय? घोणस किंवा मण्यार चावल्यास प्रतिविष जवळच्या कोणत्या रुग्णालयात उपलब्ध आहे, हे त्याच सकाळी दूरध्वनीवरून विचारले आहे काय? रुग्णवाहिकेसाठी १०८, तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि वन विभागासाठी १९२६ हे क्रमांक पाठ असून भागत नाही. घाटातील कोणत्या ठिकाणी भ्रमणध्वनीला संदेशलहरी मिळतात आणि कोठे मिळत नाहीत, हे आदल्या दिवशी चालून पाहावे लागते.

लाइम उपसागरातील प्रकरणातून घेण्याजोगी आणखी एक गोष्ट शाळांना विनाखर्च अमलात आणता येईल. सहलीबरोबर न गेलेल्या एका जबाबदार व्यक्तीकडे, शाळेतील सहशिक्षक असो की येडशी ग्रामपंचायतीचा कर्मचारी, गटाची यादी, वाट आणि परतण्याची वेळ लिहून द्यावी. ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासात निरोप आला नाही, तर कोणाच्या अनुमतीची वाट न पाहता त्या व्यक्तीने ११२ क्रमांकावर व वनपरिक्षेत्र कार्यालयास कळवावे. निरोप नंतर आला आणि धावपळ व्यर्थ गेली, तरी त्याबद्दल त्या व्यक्तीस कोणी दोष देणार नाही, हेही त्याच चिठ्ठीत मुख्याध्यापकांच्या स्वाक्षरीने नमूद असावे.